गाडीतलं घर घाटात आलं, पण परतीचा रस्ता कुणाच्या हद्दीत?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर) : शहागंजच्या घड्याळापासून कन्नड साधारण साठ किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास. म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत मराठवाड्याच्या टोकाला पोहोचतो. तिथून पुढे डोंगर उतरला की खानदेश. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात या डोंगराच्या कडेला फिरायला येणाऱ्यांत आता एक नवा प्रकार दिसतो. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच पाण्याची टाकी. याला कॅराव्हॅन म्हणतात, कुणी कॅम्पर म्हणतं. गावातली पोरं सरळ ‘घरगाडी’ म्हणतात, आणि तेच नाव बरं आहे.

तसं बघितलं तर आपल्याला हे नवीन नाही. तुळजापूर, पंढरपूर, शेगावला निघणारा टेम्पो आठवा. वर सामान, आत सतरंज्या, सोबत शेगडी आणि पातेली. जिथं सावली दिसली तिथं स्वयंपाक, जिथं अंधार पडला तिथं मुक्काम. फरक एवढाच की यात्रेचा टेम्पो हमरस्त्याने जातो आणि देवस्थानाजवळ थांबतो. घरगाडीवाल्याला मात्र जिथं कुणी नाही तिथंच जायचं असतं. आणि जिथं कुणी नाही, तिथं अडचणीच्या वेळीही कुणी नसतं. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

सरकारने दार उघडलं, रस्त्याचं काय?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. कल्पना चांगली होती. जिथं हॉटेल नाही, जिथं पक्कं बांधकाम करता येत नाही अशा डोंगराळ, जंगलालगतच्या भागात पर्यटक गाडी घेऊन येईल आणि मोकळ्या जागेत तयार केलेल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, वीज, स्वच्छतागृहाची सोय घेऊन राहील. गाड्या आणि पार्क, दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची. त्याच्या आधी, २०२० मध्ये, कृषी पर्यटन धोरणही आलं होतं. म्हणजे कन्नड, सोयगाव, सिल्लोड, खुलताबाद भागातल्या शेतकऱ्याला बांधावरच्या जागेतून दोन पैसे मिळवण्याचा मार्ग कागदावर तरी मोकळा झाला.

पण धोरण जागेबद्दल बोलतं. त्या जागेपर्यंत जाणारा रस्ता वेगळ्याच खात्याकडे असतो. दवाखाना तिसऱ्याकडे, पोलीस ठाणं चौथ्याकडे. आणि गाव जर हद्दीवर असेल तर या प्रत्येकाचे दोन-दोन.

औट्रम घाटाने शिकवलेला धडा

कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट, म्हणजेच आपला कन्नडचा घाट, सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर आहे. वरची बाजू छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खालची जळगाव जिल्ह्यात. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीच्या पावसाने या घाटात दरडी कोसळल्या, वाहनं अडकली आणि वाहतूक बंद पडली. त्याच पावसात खाली चाळीसगाव तालुक्यात पूर आला, जनावरं वाहून गेली. राष्ट्रीय महामार्गाची ही गत झाली, तर आडबाजूच्या घाटरस्त्याचं काय होत असेल याचा अंदाज बांधायला वेगळा तज्ज्ञ लागत नाही.

पुढे घाटातल्या कोंडीचा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला आणि ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना या घाटात बंदी झाली. मालट्रकवाल्यांना लांबचा वळसा पडला. बोगद्याची चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे. यात घरगाडीवाल्यासाठी एक सरळ गोष्ट आहे. छोट्या व्हॅनवर केलेली घरगाडी वेगळी आणि बसच्या सांगाड्यावर बांधलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारची गाडी असेल तर घाट चढायच्या आधी महामार्ग पोलिसांना विचारून घ्यावं. घाटाच्या तोंडाशी येऊन माघारी फिरणं, तेही रात्री, ही सगळ्यात वाईट वेळ.

रुंदीचं गणित मांडून पाहा

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला नेहमीचा डांबरी रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो, कमी वर्दळीच्या ठिकाणी ३ मीटर. नियमानुसार मोठ्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. आता समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तर? दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागणार. आपल्याकडे साइडपट्टी म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात दगडासारखी, पावसाळ्यात लोण्यासारखी. त्यात घरगाडी रिकामी नसते. दोनशे लिटरची पाण्याची टाकी भरली की तिथंच दोनशे किलो वाढले, वर बॅटऱ्या, सामान, माणसं. चाक एकदा रुतलं की ट्रॅक्टर लावल्याशिवाय निघत नाही.

पर्यटकाला यातला धडा हा की मुक्कामाची जागा दिवसाउजेडी बघून ठरवायची आणि डांबर सोडण्याआधी खाली उतरून पायाने जमीन तपासायची. गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला करून उभी करायची. नदी-ओढ्याच्या पात्रात, धरणाच्या भरावाखाली, दरडीच्या पायथ्याशी थांबायचं नाही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरड्या ओढ्याला पाणी येतं, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. शहरातल्या माणसाला ते कुणीतरी सांगावं लागतं.

मोबाईलच्या नकाशावर डोळे मिटून जाऊ नये, याची उदाहरणं लांब शोधायला नकोत. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशा बघत चाललेली गाडी थेट पाण्यात गेली. धरणाच्या पाण्याखाली गेलेला पूल नकाशावर मात्र रस्ता म्हणून दिसत होता. एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ तिघे जण तुटलेल्या पुलावरून गाडीसकट खाली कोसळले. पाणंद आणि रस्ता यातला फरक नकाशाला कळत नाही, गुराख्याला कळतो. शेवटचे पाच किलोमीटर माणसाला विचारून जावेत.

हद्दीवरची खरी अडचण

सोयगाव तालुका नकाशात बघा. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण वस्ती अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशच्या अंगाला. हळद्याचा घाट उतरून वेताळवाडीला आलेल्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण डोंगरापलीकडे आणि पाचोरा, जळगाव जवळ. गौताळा औट्रमघाट अभयारण्यही दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पितळखोऱ्याची लेणी या बाजूला, पाटणादेवी त्या बाजूला.

अशा ठिकाणी अपघात झाला, चोरी झाली, कुणाला साप चावला तर पहिला प्रश्न येतो तो ‘हद्द कुणाची?’ चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगत आले, लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं असतात. तिथला वाद दोन राज्यांचा, आपला दोन जिल्ह्यांचा. पण रात्री अकरा वाजता मदत मागणाऱ्याला दोन्ही सारखेच.

इथं कायदा सामान्य माणसाच्या बाजूने आहे, तो माहीत असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याला अडसर नाही. ‘तिकडच्या ठाण्यात जा’ असं सांगून परत पाठवता येत नाही. गुन्हा नोंदवून मग तो योग्य ठाण्याकडे पाठवणं हे पोलिसांचं काम, तक्रारदाराचं नाही.

मदतीचा ११२ हा नंबर तुमच्या तालुक्यात वाजत नाही. फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप येतो. म्हणून ‘वडाच्या झाडाजवळ’ सांगून भागत नाही. जिल्हा, तालुका, जवळचं गाव, रस्त्याचं नाव आणि किलोमीटरचा दगड, या क्रमाने सांगा. हद्दीवर टॉवर पलीकडच्या जिल्ह्याचा पकडला जातो, त्यामुळे जिल्ह्याचं नाव आधी. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीची असेल तरी ११२ लागू शकतो. इंटरनेट बंद असलं तरी फोनचा जीपीएस चालतो. नकाशावरच्या आपल्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. ते साध्या एसएमएसने पाठवा किंवा फोनवर वाचून दाखवा. हे एकदा घरबसल्या करून बघा, ऐनवेळी सुचत नाही.

जंगल म्हणजे मोकळं मैदान नव्हे

गौताळ्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. बिबटे तर आहेतच. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात दिसला होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम २७ अभयारण्यात परवानगीशिवाय जाण्यावर निर्बंध घालतं आणि कलम ३० आग लावायला मनाई करतं. म्हणजे ‘शेकोटी करून मस्त मुक्काम केला’ असा व्हिडिओ टाकणारा खरं तर स्वतःविरुद्धचा पुरावा टाकत असतो. वाळल्या गवतावर उडालेली एक ठिणगी चार गावांचा चारा खाऊन जाते, हे दंडापेक्षा मोठं.

अजिंठा लेणीला तर खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बसने जावं लागतं. तेव्हा लेणीजवळ गाडीत झोपू हा बेत मनात आणूच नये.

गाडीतला न दिसणारा धोका

जंगली जनावरापेक्षा घरगाडीत जास्त भीती धुराची आहे, तीही न दिसणाऱ्या. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, गाडीत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

ही गोष्ट फक्त पैसेवाल्यांच्या गाडीची नाही. थंडीत काचा लावून, आत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्या यात्रेच्या टेम्पोलाही हाच धोका. स्वयंपाक गाडीबाहेर करायचा, जनरेटर लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, झोपताना दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवायच्या. घरची १४.२ किलोची टाकी गाडीत जोडून वापरणं बेकायदा आहे आणि जिवाशी खेळही. जुनी व्हॅन घेऊन गावातल्या गॅरेजमध्ये तिची घरगाडी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मोठा बदल केला तर आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते.

आणि रस्त्यावर गाडी थांबवण्याबद्दल. १५ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस ट्रकला मागून धडकली. १२ जणांचा जीव गेला. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबणं, मग ते चहासाठी असो की डुलकीसाठी, मरणाला बोलावणं आहे. थांबायचं तर पेट्रोल पंपावर, ठरवून दिलेल्या थांब्यावर किंवा महामार्ग सोडून गावात.

जे देशाच्या सीमेकडे निघतात

आपल्या भागातले तरुण हल्ली लडाख, अरुणाचलपर्यंत गाड्या नेतात. तिथले नियम वेगळे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्ये जायला आपल्याच देशातल्या माणसाला इनर लाइन परमिट लागतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. तिथले रस्ते सीमा रस्ते संघटना सांभाळते आणि लष्कराच्या ताफ्याला वाट आधी द्यावी लागते. उमलिंग ला या खिंडीतला रस्ता १९ हजार फुटांवर आहे. तिथं गाडीआधी माणसाचा दम संपतो. लष्करी ठिकाणाजवळ मुक्काम करू नये, ड्रोन उडवू नये. पण तिथं एक गोष्ट पक्की असते. रस्ता कुणाचा, हे माहीत असतं. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीवर नेमकं तेच माहीत नसतं.

गावाने काय करावं?

मुख्य मुद्दा हा आहे. ज्या रस्त्याने घरगाडी येऊ शकत नाही, त्या रस्त्याने १०८ ची रुग्णवाहिकाही येऊ शकत नाही. पर्यटकाची गाडी रुतली तर त्याचा रविवार वाया जातो. बाळंतीण अडकली तर घर उद्ध्वस्त होतं. म्हणून ‘पर्यटनासाठी रस्ता द्या’ अशी मागणी घेऊन कुणी आलं तर गावाने नाक मुरडू नये. पण त्या मागणीत आपलीही मागणी जोडावी. नुसतं पर्यटनस्थळापर्यंत डांबर आणि वाडीपर्यंत चिखल, असं होता कामा नये.

त्यासाठी आधी रस्त्याचा मालक शोधा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, प्रमुख जिल्हा मार्गही बहुतेक त्याच खात्याकडे. जंगलातला रस्ता वन विभागाकडे. ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराने करायची असते. त्याचं नाव आणि तारखा रस्त्याच्या कडेच्या फलकावर असतात. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा, तो उद्या उपयोगाला येतो. फलकच नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मग रस्त्याचा क्रमांक घालून ग्रामसभेचा ठराव करा. ‘आमच्या गावचा रस्ता खराब आहे’ या अर्जाला उत्तर मिळत नाही. रस्ता क्रमांक, किलोमीटर आणि फोटो असलेल्या ठरावाला द्यावंच लागतं. हद्दीवरचा रस्ता असेल तर तोच ठराव दोन्ही जिल्हा परिषदांना पाठवा आणि दोन्हीकडची पोच घ्या.

शेतात मुक्कामाला जागा देणाऱ्याने आलेल्यांची नावं, गाडी नंबर आणि फोन वहीत लिहून ठेवावेत, पोलीस पाटलांना कळवावं. गाडीतल्या संडासाची टाकी ओढ्यात किंवा विहिरीजवळ रिकामी करू देऊ नये. पैसे ठरवताना कचरा परत नेण्याची अटही ठरवावी. पाहुणा म्हणून आलेला माणूस नियम सांगितले की ऐकतो. न सांगता चिडलो तर भांडण होतं.

आणि शेवटचं, कुणी अडचणीत दिसलं तर मदतीला जायला घाबरू नका. ‘पोलीस आपल्यालाच धरतील’ ही भीती अजून गावोगाव आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायचं की नाही ही त्याची मर्जी. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेत पूर्वी ५ हजार रुपये होते, २०२५ पासून ‘राह-वीर’ योजनेत २५ हजार झाले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीवर सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचाराची योजनाही लागू आहे. दवाखान्यात नेल्यावर ‘आधी पैसे भरा’ असं कुणी म्हणालं तर या योजनेचं नाव घ्या.

फोनमध्ये आजच साठवून ठेवा :
पोलीस, आग, कोणतीही आणीबाणी – ११२
रुग्णवाहिका – १०८
राष्ट्रीय महामार्गावर अडचण – १०३३
जंगल, वन्यप्राणी, वणवा – १९२६

घरगाड्या येतील, जातील. त्यांच्यामुळे चार पैसे मिळाले तर चांगलंच. पण येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा : आज रात्री आपल्या गावात रुग्णवाहिका बोलावली तर ती कोणत्या रस्त्याने येईल, कुठल्या जिल्ह्यातून येईल आणि कुठं अडकेल? याचं उत्तर ज्या गावाकडे लेखी असेल, त्या गावात पाहुणाही सुखरूप राहील आणि गावकरीही.